सुरू न होणारा खेळ

वैशाखातल्या दुपारी झाशी शहर निःशब्द होते. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, किल्ल्याचे दगड तापून निघतात, आणि शाळांना सुट्टी असूनही रस्त्यावर मूल दिसत नाही. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता बुंदेलखंडात स्थिरावली, तेव्हापासून या शहरात नांदत आलेल्या मराठी घराण्यांनाही ही दुपार इतरांप्रमाणे घरातच काढावी लागते. समजा, अशा एका घरात एक मुलगी संगणकापुढे बसली आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या प्रसिद्ध खेळमालेच्या तिसऱ्या खेळाला २००७ साली ‘द एशियन डायनॅस्टीज’ नावाची पुरवणी जोडण्यात आली. तिच्यात १८५७ च्या उठावाच्या काळात घडणारे एक प्रकरण आहे. ज्या शहराने तो उठाव अंगावर घेतला, तेथील मुलीला त्या खेळाची ओढ वाटावी हे स्वाभाविकच होय. ती खेळाच्या चिन्हावर दोनदा कळ दाबते. पडद्यावर एक वर्तुळ क्षणभर फिरते, पडदा काळा होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. खेळ मात्र सुरू झालेला नसतो.

मग घरात उपायांची चढाओढ लागते. आजोबा सांगतात, यंत्र बंद करून पुन्हा चालू कर. थोरला भाऊ सांगतो, सगळे पुसून टाकू आणि विंडोज नव्याने घालू. शेजारचा मित्र कोठल्याशा संकेतस्थळावरून एक फाइल उतरवून घेण्यास सुचवितो. त्यासाठी अँटीव्हायरस तेवढा घटकाभर बंद करावा लागेल, असेही तो सहजपणे सांगून टाकतो. यांपैकी आजोबांचा उपाय निरुपद्रवी आहे, आणि पुष्कळदा गुणकारीही ठरतो. उरलेले दोन तसे नाहीत. त्याच संगणकात आईच्या कचेरीचे कागद आहेत, मावशीच्या लग्नाची छायाचित्रे आहेत, घराच्या खरेदीखताची प्रत आहे. प्रश्न एका खेळाचा दिसतो. परंतु तो सोडविण्याची रीत चुकली, तर हातचे जे जाईल ते खेळाहून फार मोलाचे असेल. म्हणूनच या लहानशा अडचणीचा विचार जरा शिस्तीने करणे अगत्याचे आहे.

खेळ ‘सुरू होणे’ म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. दोन कळा दाबणे आणि चित्र दिसू लागणे यांमधल्या काही सेकंदांत कामांची एक लांब साखळी उलगडत असते. विंडोज ही कार्यप्रणाली खेळाची मुख्य फाइल तपासते आणि ती या यंत्राच्या जातीसाठी लिहिलेली आहे की नाही याची खात्री करून घेते. नंतर ती त्या फाइलीला स्मृतीत जागा देते. खेळाला लागणारी सर्व सामग्री त्याच्या एकट्याच्या पेटाऱ्यात नसते. चित्रे काढणे, आवाज काढणे, कळफलकाकडून निरोप घेणे इत्यादी कामांसाठी तो सामाईक ग्रंथालयांवर विसंबून असतो. ती ग्रंथालये शोधून त्याला जोडून दिली जातात. पुढे ग्राफिक्स कार्डाशी बोलणे होते, आणि हे बोलणे ड्रायव्हर नावाच्या दुभाष्यामार्फत चालते. मग खेळ आपल्या जुन्या नोंदी व मांडणी वाचतो, काही खेळ महाजालावरून आपल्या मालकाची ओळख पटवून घेतात, आणि हे सगळे पार पडल्यावर पहिले चित्र पडद्यावर येते. या साखळीतील एक कडी निसटली तरी पुढची कामे थांबतात. न सुरू होणे हा संगणकाचा हट्ट नव्हे. अमुक कडीपाशी काम अडले, एवढेच तो आपल्यापरीने सांगत असतो. कडी कोणती, हे शोधून काढणे हाच सारा प्रश्न.

कडी शोधण्याची रीत झाशीकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. झाशी हे रेल्वेचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे रेल्वेची मोठी कर्मशाळा चालत आलेली आहे, आणि राणी लक्ष्मीबाईंचे नाव धारण केलेल्या तेथील स्थानकावर दिवसरात्र गाड्यांची तपासणी चालते. गाडीचा ब्रेक कसा असतो ते पाहावे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची एक नळी गेलेली असते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम इतका दाब भरला म्हणजे ब्रेक सुटतात. दाब उतरला की ते आपोआप लागतात. त्यामुळे चोवीस डब्यांपैकी कोठेही नळीला गळती लागली, की गाडी जागची हलत नाही. प्रवाशाला वाटते, इंजिन बिघडले. वास्तविक इंजिन ठणठणीत असते. एकोणिसाव्या डब्याखालचा एक रबरी जोड तेवढा फाटलेला असतो.

गळतीचा फूत्कार कानांनी ऐकू आला तर उत्तमच. तो न आल्यास चोवीसही डबे क्रमाने उलगडीत बसण्याची गरज नसते. प्रत्येक डब्याच्या टोकाला ती नळी बंद करण्याची तोटी असते. बाराव्या डब्यामागची तोटी बंद करावी आणि इंजिनाकडील भागात दाब टिकतो का ते पाहावे. टिकला, तर पहिले बारा डबे निर्दोष; दोष मागच्या बारांत. मग त्या बारांचे सहा-सहा, सहांचे तीन-तीन असे भाग पाडीत गेले, की फार तर पाच चाचण्यांत चोवीसांतला एक डबा हाती लागतो. प्रत्येक चाचणीने निम्मे क्षेत्र बाद व्हावे अशी चाचणी निवडावयाची, हे या रीतीचे मर्म होय. संगणकाच्या दोषशोधनाचे मर्मही याहून निराळे नाही.

आता ही रीत खेळाला लावून पाहू. क्षेत्र निम्मे करणारा पहिला प्रश्न हा : दुसरे खेळ सुरू होतात का? दुसरे खेळ नीट चालत असतील, तर यंत्र, ग्राफिक्स कार्ड व त्याचा ड्रायव्हर यांवरचा संशय बराच कमी होतो, आणि दोष त्या एका खेळाच्या घरात शोधावा लागतो. कोणताच खेळ सुरू होत नसेल, तर खेळ पुसून पुन्हा घालण्यात वेळ दवडू नये; दोष यंत्राच्या बाजूला आहे. दुसरा प्रश्न : हा खेळ पूर्वी याच यंत्रावर चालत होता का? चालत होता आणि आता चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले ते आठवावे. विंडोजची नवी सुधारणा आली, नवा ड्रायव्हर बसला, नवा अँटीव्हायरस आला, की डिस्क भरून गेली? पूर्वी कधीच चालला नसेल, तर मुळात तो या यंत्रासाठी आहे का, येथून आरंभ करावा.

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. ‘द ऑर्डर : १८८६’ नावाचा एक खेळ २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो एका काल्पनिक लंडन शहरात घडतो, आणि त्यात झाशीची राणी लक्ष्मी हे एक पात्र आहे. पण तो खेळ निघाला तो केवळ ‘प्लेस्टेशन ४’ या यंत्रासाठी. म्हणजे झाशीच्या राणीचा हा खेळ झाशीतल्याच एखाद्या घरच्या साध्या संगणकावर कितीही खटपट केली तरी सुरू व्हावयाचा नाही. यात बिघाड कोठेच नाही. मीटर गेजच्या इंजिनाने ब्रॉड गेजच्या रुळांवर धावावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्यातलाच हा प्रकार. जुन्या खेळांच्या बाबतीत हीच गोष्ट काळाच्या अंतराने घडते. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या १६-बिट आज्ञावल्या चालवीत नाहीत, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. गमतीचा भाग असा, की गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातील काही खेळ स्वतः ३२-बिट आहेत, पण त्यांना संगणकावर बसविणारी आज्ञावली तेवढी १६-बिट आहे. घरात राहण्यास पाहुणा योग्य. दारातून त्याला आत आणणाराच कोणी नाही.

यंत्र आणि खेळ यांचा मेळ बसला, की पाहावयाचे ते सामाईक ग्रंथालयांकडे. ‘अमुक डीएलएल फाइल सापडत नाही’ असा संदेश पुष्कळांनी पाहिलेला असेल. हा सर्वांत सोपा दोष, आणि सर्वांत अधिक अनर्थ याच ठिकाणी होतो. ती एकच फाइल फुकट देऊ करणारी संकेतस्थळे शेकड्यांनी आहेत. तिच्याबरोबर आणखी काय घरात येते, हे मात्र कोणी सांगत नाही. अशी फाइल सुटी घेऊ नये. ती ज्या संचातील असते तो संपूर्ण संच त्याच्या मूळ कर्त्याकडे विनामूल्य मिळतो. बहुतेक वेळा तो मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ किंवा ‘डायरेक्टएक्स’ हा संच असतो. ज्या उपायासाठी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, तो उपाय नव्हे. घराची कडी काढून ठेवावयास सांगणारा वैद्य रोग बरा करावयास आलेला नसतो.

काही दोष मराठी आणि हिंदी घरांतच विशेषेकरून आढळावेत असे आहेत. आपल्या लिपीच्या अभिमानाने कोणी संगणकातील खात्याचे नाव देवनागरीत लिहितो. विंडोज त्याच नावाची एक संचिका उघडते आणि वापरणाऱ्याच्या नोंदी तीत ठेवते. आजची विंडोज देवनागरी उत्तम जाणते. पण कित्येक जुने खेळ अशा काळी लिहिले गेले, की त्यांना रोमन आणि फार तर युरोपातील काही अक्षरांपलीकडे लिपी ठाऊक नाही. त्यांच्या दृष्टीने ‘सुमित्रा’ हे नाव म्हणजे केवळ प्रश्नचिन्हांची एक ओळ होय. ते त्या प्रश्नचिन्हांच्या नावाची संचिका शोधतात, ती नसते, आणि खेळ काही न बोलता मिटून जातो. अशा वेळी त्याच संगणकावर रोमन अक्षरांत दुसरे खाते उघडून खेळ चालवून पाहावा. तेथे चालला, तर दोष यंत्रात नाही, खेळातही नाही, पहिल्या खात्यापुरता आहे, हे एका चाचणीने सिद्ध होते.

दोष केव्हा दिसतो, हेही पाहण्यासारखे असते. सकाळी सुरू होणारा खेळ दुपारी आरंभीच बंद पडत असेल, तर झाशीच्या उन्हाळ्याकडे बोट दाखविण्यास हरकत नाही. संगणकाचे मुख्य प्रक्रियक साधारणतः १०० अंश सेल्सियसच्या आसपास आपली गती कमी करतात, आणि उष्णता तरीही वाढली तर स्वतःच्या रक्षणासाठी यंत्र बंद होऊ देतात. पंख्यात बुंदेलखंडाची धूळ साठलेली असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. येथे औषध म्हणजे कुंचला आणि मोकळी हवा. तसेच वीज वारंवार जाणाऱ्या घरात संगणकाचे घड्याळ मागे पडलेले आढळते. आतील नाण्याएवढा घट संपला, की वीज गेल्यावर तारीख जुन्याच कोठल्या तरी वर्षाला जाऊन बसते. महाजालावरून ओळख पटविणारे खेळ प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून ताडून पाहतात. ती जुळली नाही, की दार उघडत नाहीत. कित्येकदा दहा उपाय करून थकल्यावर कोणीतरी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचतो आणि सगळा उलगडा होतो.

संदेशाचे महत्त्व येथे सांगितले पाहिजे. पडद्यावर उमटलेले वाक्य न वाचताच पुसून टाकण्याची सवय फार जणांना असते. ते वाक्य अक्षरशः उतरवून ठेवावे. काहीच वाक्य आले नाही, तरी विंडोज आपल्या रोजनिशीत नोंद करीत असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नावाने ती उघडता येते, आणि कोणती आज्ञावली कोणत्या फाइलीपाशी कोसळली हे तीत पुष्कळदा स्पष्ट लिहिलेले असते. तथापि संदेश हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याने काय पाहिले ते तो सांगतो. का घडले ते त्याला ठाऊक असेलच असे नाही.

याचे एक नामांकित उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘टर्बो पास्कल’ या भाषासाधनाने रचलेल्या अनेक आज्ञावल्या नव्या संगणकांवर आरंभीच ‘रनटाइम एरर २००’ असे म्हणून थांबू लागल्या. १९९४ सालचा ‘जॅझ जॅकरॅबिट’ हा लोकप्रिय खेळही त्यांत होता. हा संदेश शून्याने भागाकार झाल्याचा. पण कोठेही शून्य नव्हते. घडत होते ते असे : यंत्राचा वेग मोजण्यासाठी ती आज्ञावली सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक लहानसे आवर्तन किती वेळा होते ते मोजी आणि त्या संख्येला ५५ ने भागी. उत्तरासाठी जी जागा राखून ठेवली होती, तीत ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नसे. जुन्या यंत्रांवर ती सहज मावे. यंत्रे इतकी वेगवान झाली, की उत्तर त्या जागेत मावेना, आणि प्रक्रियकाने भागाकार अशक्य म्हणून सांगितले. खेळ बंद पडला तो यंत्र दुबळे होते म्हणून नव्हे. ते लेखकाच्या कल्पनेपेक्षा बलवान निघाले म्हणून. नवा, अधिक वेगवान संगणक विकत घेणे हा सर्वांना सुचणारा उपाय येथे रोग वाढविणारा होता.

दुसरे उदाहरण अलीकडचे. या शतकाच्या आरंभीचे पुष्कळ खेळ तबकडीवर मिळत, आणि त्यांची नक्कल होऊ नये म्हणून ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप त्यांना लावलेले असे. या कुलपाचा एक ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसे. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचे वैगुण्य असल्याचे २००७ साली उघड झाले. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये त्याला थारा मिळाला नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या विंडोजमध्येही तो बंद करणारी सुधारणा आली. परिणाम असा झाला, की ज्यांनी रीतसर पैसे मोजून तबकड्या घेतल्या होत्या त्यांचेच खेळ एके दिवशी सुरू होईनासे झाले. तबकडी निर्दोष, यंत्र निर्दोष, मालक प्रामाणिक. आणि तरीही दार बंद. अशा प्रसंगी तो ड्रायव्हर हट्टाने पुन्हा बसविणे म्हणजे एका खेळासाठी घराची भिंत पाडणे होय. त्या खेळाची कर्त्यांनीच दुरुस्त करून काढलेली नवी आवृत्ती मिळते का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

या सर्वांतून आचरणाचे नियम थोडेच निघतात. कोणत्याही उपायापूर्वी घरची छायाचित्रे, कागदपत्रे आणि खेळातील जतन केलेल्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवाव्यात. एका वेळी एकच बदल करावा. तीन उपाय एकदम केले आणि खेळ सुरू झाला, तर कोणत्या उपायाने तो झाला हे कळत नाही. आणि न झाला, तर नवा दोष कोणी आणला हेही कळत नाही. केलेला बदल वहीत लिहावा. गुण आला नाही, तर तो मागे घेऊन मगच पुढचा करावा. पाठीमागे चालणाऱ्या इतर आज्ञावल्यांवर संशय असेल, तर गाडीच्या डब्यांप्रमाणे त्यांतील निम्म्या बंद करून पाहाव्यात. सर्व पुसून नव्याने विंडोज घालणे हा शेवटचा उपाय. तो पुष्कळदा दोष घालवितो हे खरे, पण दोषाचे कारणही त्याबरोबर पुसले जाते, आणि तोच दोष महिन्याने परत आला म्हणजे मनुष्य पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

आणि कधीकधी उत्तर असे मिळते, की हा खेळ या यंत्रावर सुरू होणार नाही. हेही उत्तरच होय. अशा वेळी जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या आज्ञावल्या उपयोगी पडतात. ‘डॉसबॉक्स’ ही त्यांपैकी एक. तिच्या पोटात जुन्या एमएस-डॉसचा संगणक उभा राहतो, त्याचा वेगही हवा तितका कमी करता येतो, आणि वेगामुळे अडलेले कित्येक खेळ तेथे पुन्हा सुरू होतात. पण सर्वांचेच भाग्य असे नसते. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळत नसल्याचे दाखविले. ज्यांच्याजवळ तबकडी आहे त्यांचाच काय तो आधार उरला. आणि त्या तबकडीचा खेळ सुरू होत नसेल, तर तोही गेला.

झाशीच्या वेढ्याच्या वेळी कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या शहरात होते. त्यांनी पाहिलेले पुढे लिहून ठेवले. ‘माझा प्रवास’ या नावाने ते १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी त्याची मूळ संहिता वाचकांपुढे ठेवली. आज ते पुस्तक उघडावयास वाचता येण्यापलीकडे काहीही लागत नाही. त्याच १८५७ च्या काळावर रचलेला खेळ उघडावयास यंत्र लागते, कार्यप्रणाली लागते, ग्रंथालये लागतात, दुभाषा लागतो; आणि यांतले प्रत्येक दर काही वर्षांनी बदलत असते. म्हणून वैशाखातल्या त्या दुपारी एखाद्या मुलीने वही पुढे ओढून पडद्यावरील संदेश जसाच्या तसा उतरवून घेतला आणि एकेक कडी तपासावयास प्रारंभ केला, तर तिची दुपार फुकट गेली असे कोणी म्हणू नये. खेळ संध्याकाळपर्यंत सुरू होईल किंवा होणार नाही. घरातील कागद आणि छायाचित्रे मात्र जागच्या जागी असतील, आणि न चालणाऱ्या गोष्टीला नीट प्रश्न कसा विचारावा, हे तिला कळलेले असेल.